कार्यशाळेतील गंजिफा

'कार्यशाळा' या शब्दाने मराठीत बराच प्रवास केला आहे. तंत्रशाळेतील सुतारकामाच्या आणि लोहारकामाच्या दालनाला आपण कार्यशाळा म्हणत आलो. तिथे मुलगा वर्षभर रंधा मारी, तेव्हा कुठे त्याचा हात बसे. आज साहित्य-कला संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिकेत तोच शब्द परिसंवाद आणि भोजन यांच्यामधल्या दीड-दोन तासांसाठी योजला जातो. या बदलाकडे नाक मुरडून पाहण्याची रीत आहे. मला मात्र वाटते, की दोन तासांत नेमके काय शिकवायचे हा प्रश्नच आपण नीट विचारलेला नाही. सावंतवाडीच्या गंजिफेचा इतिहास त्यासाठी उपयोगी पडतो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० साली निघालेला दहावा खंड 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असा जोडखंड आहे. सावंतवाडी तेव्हा संस्थान होते. स्वातंत्र्यानंतर ते रत्नागिरी जिल्ह्यात विलीन झाले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तिथेच राहिले. गंजिफेचे पुनरुज्जीवन झाले ते याच रत्नागिरी जिल्ह्याच्या काळात.

खेळ मुळात बाहेरचा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या पानांचे वर्णन अबुल फज़लने केले आहे. इकडे आल्यावर त्या दरबारी खेळाने दशावतार धारण केला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकूण १२० गोल पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. नववा अवतार बुद्धाचा. (महाराष्ट्रातील काही जुन्या पंचांगांत आणि मंदिरशिल्पांत या नवव्या जागी विठ्ठल उभा असतो, याकडे रा. चिं. ढेरे यांनी लक्ष वेधले होते. खेळाच्या पानांचाही अशा अंगाने अभ्यास व्हायला हवा.)

पान तयार करणे हे चित्र काढण्यापेक्षा कष्टाचे काम. चिंचोक्याची खळ लावून थर सिद्ध करायचा, वाळवायचा, घोटून गुळगुळीत करायचा, मग त्यावर रंग आणि शेवटी लाखेचा लेप. चितारी घराण्यांत ही विद्या मुलगा बापाच्या शेजारी बसून उचलीत असे. छापील बावन्न पाने स्वस्तात मिळू लागली आणि गिऱ्हाईक गेले. गिऱ्हाइकामागोमाग विद्याही जाऊ लागली. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी लक्ष घातले, तेव्हा ही कला जाणणाऱ्यांपैकी वृद्ध पुंडलिक चितारी उरले होते. राजदांपत्य त्यांच्याकडून शिकले, कारागीर तयार झाले आणि राजवाड्याच्या दरबार दालनातच काम सुरू झाले. ही खऱ्या अर्थाने कार्यशाळा होती. यात संस्थानी स्मरणरंजन पाहणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की स्मरणरंजनाने कुणाची चूल पेटत नाही. इथे कारागिरांना रोजगार मिळाला.

पण वाचले ते काय? पाने वाचली, डाव मात्र मोडलेलाच राहिला. गंजिफेचा संच घेणारा बहुधा तो चौकटीत बसवितो किंवा भेट देतो. संमेलनातील कार्यशाळाही याच वाटेने जाते: आयती गोल चकती, आयते रंग, आणि दोन तासांनी हाती एक मासा. त्यात आनंद आहे, नाही असे नाही. परंतु चिताऱ्याचा हात दोन तासांत येत नाही, आणि तो येतो असा समज करून देणे हा चिताऱ्याचाच अवमान आहे. नाटकाच्या विद्यार्थ्याला संहितेची मुखपृष्ठे रंगवायला बसवावे, तसे हे होते.

खेळ मात्र दोन तासांत येतो. गंजिफेत हुकूम नसतो. त्यामुळे सारी मदार स्मरणावर. कोणती पाने पडली आणि कोणती कुणाच्या हाती उरली, हे ध्यानात ठेवणारा जिंकतो. निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. म्हणजे अर्ध्या अवतारांत जगाची उतरंडच उलटी. हे पानाकडे पाहून कळत नाही, खेळताना कळते. संमेलनाच्या मांडवात एकमेकांना न ओळखणारी माणसे तीन दिवस एकत्र असतात, आणि डावालाही तिघेच लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. डाव दिवसा मांडला असेल, तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी. दिवेलागणीनंतर बसलात, तर कृष्णाची.