डालडा हलाल होता. तय्यब होता का?

रमजानमध्ये जुन्या नाशकात चौक मंडईकडे मालपुव्यांचा वास सुटतो, तेव्हा एखादे बुजुर्ग हमखास विचारतात, "डालड्यात तळलेत का?" वनस्पती तूप कुठलेही असो, आपल्या तोंडी नाव एकच.

हॉलंडच्या 'दादा' या नावात लिव्हर कंपनीने आपला 'ल' घातला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केले, की रवाळ, तुपासारखे दिसे. स्वस्त, टिकाऊ आणि जनावराच्या चरबीची शंका नाही. बिर्याणीपासून शीरखुर्म्यापर्यंत सगळीकडे तो शिरला.

गांधीजींनी वनस्पतीला विरोध केला होता. सरकारला मात्र काळजी भेसळीची होती. साजूक तुपात वनस्पती मिसळल्यास पकडता यावे, म्हणून त्यात ५ टक्के तिळाचे तेल सक्तीचे झाले. कायद्याने तूप राखले. काळजाचा विचार झाला नाही. १९९० मध्ये डच संशोधकांनीच दाखवले, की या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते. त्यातून हृदयविकार बळावतो. भारतात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडले.

कुरआनात खाण्याबद्दल हलालसोबत 'तय्यब' हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे चांगले, शुद्ध. आपण पहिल्या शब्दाची चौकशी करतो आणि दुसरा विसरतो. घरात शुगर, बीपी, हृदयाचे रुग्ण असताना पाकिटावरचा हलालचा शिक्का पाहून थांबू नये. त्याखालची बारीक अक्षरेही वाचावीत.