थंडी चुकवणारी पाखरं

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ क्वार्ट्झसाइट नावाचं एक गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथं २,४१३ माणसं मोजली गेली. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि गाव सामसूम होतं. जानेवारीत मात्र गावाबाहेरच्या वाळवंटात नजर पोहोचेल तिथवर चाकांवरची घरं उभी असतात. कुठं बसएवढी मोटरहोम, तर कुठं पिकअप ट्रकच्या मागं जोडलेला ट्रेलर. दारापुढं अंथरलेली सतरंजी, दोन घडीच्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांत ऊन खात बसलेलं सत्तरीतलं जोडपं. गाडीची नंबरप्लेट मिनेसोटाची, मिशिगनची, नाहीतर थेट कॅनडाची.

'व्हॅनलाइफ'ची रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. त्यांत बहुतेक पंचविशीतली मुलंमुली दिसतात. पण हा रस्ता त्यांच्या कितीतरी आधी म्हाताऱ्या माणसांनी रुळवला. आणि तो कोणासाठी खुला होता, कोणासाठी बंद, हे बरंचसं एका गोष्टीवर ठरत आलं: मागून पैसे येतायत की नाही.

या लोकांना इंग्रजीत 'स्नोबर्ड' म्हणतात. बर्फ पडायला लागला की दक्षिणेकडे उडणारी पाखरं. ऐकायला गोड आहे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्यात हा टोमणा होता. हिवाळ्यापुरतं अन्न आणि छप्पर मिळावं म्हणून फौजेत भरती होणाऱ्या माणसाला 'स्नोबर्ड' म्हणत. पुढं थंडीत कामासाठी दक्षिणेत जाणाऱ्या मजुरांना ते नाव मिळालं. सुखवस्तू निवृत्तांना ते चिकटलं फार नंतर. म्हणजे या शब्दाच्या पोटात आधी गरज होती, हौस मागून आली.

डब्याची खूण

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि मोटार शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या आवाक्यात आली. त्याआधी फ्लोरिडात हिवाळा काढणं म्हणजे रेल्वेनं जाऊन महागड्या हॉटेलात राहणाऱ्या श्रीमंतांचं काम. आता पिकं निघाल्यावर मोकळा झालेला मध्य-पश्चिमेतला शेतकरीही बायकोला घेऊन निघू लागला. गाडीला तंबू बांधायचा आणि सोबत डबाबंद अन्न भरून घ्यायचं.

१९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहराच्या डी सोटो पार्कमध्ये अशा प्रवाशांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणावर एक रिकामा डबा बसवायचा, ही त्यांची खूण. रस्त्यात असा डबा दिसला की आपला माणूस समजायचं. तळ स्वच्छ ठेवायचा, वागणूक सभ्य ठेवायची, हे त्यांचे नियम.

सभ्यतेचा एवढा आग्रह कशासाठी? कारण गावकरी त्यांच्याकडं संशयानं बघत. हॉटेलात उतरत नाहीत, खाणावळीत जेवत नाहीत, मग यांचा गावाला उपयोग काय? त्या काळात एक विनोद चालायचा: हे येतात ते एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन, आणि परत जाईपर्यंत दोन्ही बदलत नाहीत. काही वर्षांतच टॅम्पानं पार्कमधला तळ बंद केला. मग फ्लोरिडातल्या दुसऱ्या गावांनी त्यांना जागा दिली, कारण एवढी माणसं हिवाळाभर राहिली तर थोडाफार धंदा होतोच, हा हिशोब त्यांना कळला होता.

तोच रस्ता, दुसरी माणसं

१९३० च्या दशकात महामंदी आली. ओक्लाहोमा, टेक्सासकडची शेती धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झाली. जुन्या मोटारीवर गाद्या, भांडी, मुलंबाळं लादून कुटुंबं पश्चिमेकडे निघाली. मोटारी त्याच, रस्तेही तेच. पण यांना कोणी 'टुरिस्ट' म्हणालं नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानं आपले १३६ पोलीस कॅलिफोर्निया राज्याच्या सीमांवर पाठवले. ज्यांच्याकडं पैसे किंवा काम दिसत नाही, त्यांना आत येऊ द्यायचं नाही, असा हुकूम होता.

गरीब माणसाला राज्यात आणणं हाच कॅलिफोर्नियात गुन्हा होता. एका माणसानं आपल्या बेकार मेव्हण्याला टेक्सासहून गाडीत बसवून आणलं, म्हणून त्याच्यावर खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये 'एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया' या निकालानं तो कायदा रद्द झाला. खिसा रिकामा आहे म्हणून माणसाला राज्याच्या सीमेवर अडवता येणार नाही, हे तेव्हा ठरलं. आज नंबरप्लेट बघून कोणी स्नोबर्डला अडवत नाही, त्यामागं या निकालाचाही हात आहे.

२२ डॉलर ५४ सेंट

याच दशकात दुसरी एक गोष्ट घडली. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. जानेवारी १९४० मध्ये दरमहाच्या पेन्शनचा पहिला चेक निघाला, तो व्हरमाँटसारख्या बर्फाळ राज्यातल्या आयडा मे फुलर या निवृत्त कारकून बाईंच्या नावानं. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि चेक येत राहिले.

आता म्हातारपण म्हणजे मुलाच्या घरातली मागची खोली, असंच गणित उरलं नाही. १९५६ च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली. १९६५ मध्ये मेडिकेअर आलं, म्हणजे पासष्टीपुढचा आरोग्यविमा, आणि तो मिनेसोटात चालतो तसा ॲरिझोनातही चालतो. १९६६ मध्ये आयोवा राज्यातल्या विनेबेगो कंपनीनं असेंब्ली लाइनवर मोटरहोम बनवायला घेतली. पैसे, रस्ता, दवाखाना आणि गाडी, चारही गोष्टी एका पिढीच्या हाती लागल्या.

मग वाळवंटात एवढी गर्दी व्हायला लागली की सरकारला नियम करावे लागले. एरवी सरकारी मोकळ्या जमिनीवर एका जागी साधारण चौदा दिवसच मुक्काम करता येतो. १९८३ मध्ये केंद्रीय भूव्यवस्थापन खात्यानं काही भाग दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवले. क्वार्ट्झसाइटजवळचा ला पोसा हा त्यातलाच. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला मिळत होता, म्हणजे दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. त्या भाड्यात गाडीला वीज किंवा नळ जोडून मिळत नाही. वीज छपरावरच्या सोलर पॅनेलची. पाणी टाकीत भरून आणायचं, आणि संडासाची टाकी ठरल्या जागी नेऊन रिकामी करायची.

पेन्शन पुरली नाही तर

२००८ च्या मंदीत अनेकांच्या घरांच्या किमती कोसळल्या, निवृत्तीसाठी साठवलेले पैसे गेले. भाडं परवडेना म्हणून गाडीत राहायला आलेले साठीपुढचे लोक याच तळांवर दिसू लागले. साधारण त्याच सुमारास ॲमेझॉननं 'कॅम्परफोर्स' नावाची योजना काढली: नाताळच्या आधीच्या गर्दीत गोदामांत काम करायला आरव्हीतून येणारी माणसं. जेसिका ब्रुडर यांचं 'नोमॅडलँड' हे २०१७ चं पुस्तक या लोकांवर आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं.

ला पोसाच्या वाळवंटात शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या असतात. एकीच्या मालकांचं उत्तरेत कुलूप लावलेलं घर आहे. दुसरीचे मालक एप्रिलमध्ये कुठं जायचं या विचारात आहेत. खुर्च्या मात्र सारख्याच दिसतात.

आणि घर असो वा नसो, एक प्रश्न दोन्ही गाड्यांत बसलेला असतो: गाडी चालवणारा आजारी पडला तर? किंवा दोघांतलं एकच उरलं तर? 'लोनर्स ऑन व्हील्स' नावाचा एक क्लब फक्त एकट्या प्रवाशांचा आहे. तिथं कोणाची जोडी जमली तर सभासदत्व सोडावं लागतं. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या जोडप्यानं 'एस्केपीज' क्लब सुरू केला. या क्लबच्या पुढाकारानं टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला एक केंद्र उभं राहिलं. प्रवास झेपेनासा झालेली माणसं तिथं आपल्याच आरव्हीत राहतात. जेवण आणि देखभाल मिळते. गाडी जागेवरून हलत नाही, पण घर तेच राहतं.

आपल्याकडं पुण्या-नाशिकचे आईबाबाही अमेरिकेत सहा महिने काढून येतात. त्यांची दिशा उलटी: उन्हाळ्यात जायचं आणि बर्फ पडायच्या आत परतायचं. मेडिकेअर त्यांना नाही, म्हणून इथूनच विमा काढून न्यायचा. तिथं साधी भाजी आणायची तर मुलगा-सून ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं, कारण गाडीची किल्ली त्यांच्याकडं असते. क्वार्ट्झसाइटचं जोडपं याहून सुखी असतं असं मला म्हणायचं नाही. पण हाताशी पेन्शन, विमा आणि किल्ली असली की सत्तरीतही कुठं जायचं हे सकाळी उठून दोघांना ठरवता येतं. तुमच्या घरी हा विषय कधी निघाला, तर 'या वयात कशाला?' असं म्हणण्याआधी या तीनपैकी आईबाबांकडं काय काय आहे, ते एकदा मोजून बघा.