घंटी वाजली म्हणजे 'हो' नव्हे

मुंबईची जीआयपी रेल्वे मलकापूरमार्गे 1867 साली नागपूरला पोचली. पण मला जास्त भारी वाटते ती पुढे रूढ झालेली ब्लॉक पद्धत. मास्तर पुढच्या स्टेशनला घंटीने विचारतो, पुढचा तीच घंटी परत वाजवतो. म्हणजे फक्त 'ऐकलं'! काटा 'लाइन क्लिअर'वर आल्याशिवाय गाडी हलत नाही. तार तुटो, यंत्र बिघडो... शांतता म्हणजे थांबा. मग फोनवर परवानगी, सोबत प्रायव्हेट नंबर, एकदा वापरला की खोडायचा. (आपलं टोकनच की!)

आता मोबाइलकडे या. 1991 च्या एचटीटीपीत स्टेटस कोडच नव्हता; चूक झाली तरी एक पान यायचं, माणसानं वाचून समजून घ्यायचं. कोड आले ते 1996 च्या 1.0 मध्ये. तरी अजून काही सर्व्हर 200 देऊन आत 'एरर' लिहितात, आणि ॲप 200 बघूनच 'पैसे भरले' म्हणून मोकळं होतं. टाइमआउट त्याहून वाईट. तो नकार नसतो, 'माहीत नाही' असतं. तिथेच ॲप नवी विनंती पाठवतं आणि पैसे दोनदा कापले जातात. मास्तर अशा वेळी दुसरी गाडी सोडत नाही. ॲपनंही आधी जुन्याच विनंतीचा नंबर देऊन विचारावं: पहिली पोचली का?