उपाशी देहाची जबानी

घर निजल्यावर स्वयंपाकघरात जाऊन, भूक नसताना आणि चवही नीटशी न कळता, पोट दुखू लागेपर्यंत फराळाचे डबे रिते करणाऱ्या, आणि सकाळी कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून त्यांची झाकणे पूर्ववत घट्ट लावून ठेवणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना आपण आजवर ‘खादाड’ या एकाच विशेषणाने निकालात काढीत आलो आहोत. हा निवाडा किती अन्यायाचा आहे, हे समजण्यासाठी वैद्यकाचे गेल्या पाऊणशे-ऐंशी वर्षांचे दप्तर थोडे उलगडून पाहिले पाहिजे.

अतिभोजन प्राचीनांना ठाऊक होतेच. पहिले अन्न पचले नसता त्यावर पुन्हा जेवणे, यास आयुर्वेदाने ‘अध्यशन’ अशी संज्ञा देऊन रोगांच्या कारणांत त्याची गणना केली. परंतु या अनावर आवेगाच्या मुळाशी पुष्कळदा जिभेची हाव नसून उपासमारच असते, याचा रीतसर पुरावा मिळाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि तोही एका क्रीडांगणाच्या पोटात.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल-क्रीडांगणात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली असलेल्या खोल्यांत, अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने 1944 च्या नोव्हेंबरात 36 तरुण आणून ठेवले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण, युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे जगाला कळावे, एवढ्यासाठी स्वखुशीने उपाशी राहण्यास राजी झाले होते. आणि शरीराने व मनाने धडधाकट असल्याची खातरजमा करूनच त्यांची निवड झाली होती, ही गोष्ट पुढील हकिगत वाचताना विसरता कामा नये. प्रथम बारा आठवडे त्यांना रोज सुमारे 3,200 कॅलरींचे भरपेट अन्न मिळाले. नंतर चोवीस आठवडे त्याच्या निम्म्यावर, बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी अशा दोन वेळच्या जेवणावर, त्यांना ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. अपेक्षेपलीकडचे घडले ते मनात. ज्यांनी पूर्वी स्वयंपाकाचा विचारही केला नव्हता ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, घास पाण्यात कालवून जेवण लांबवू लागले, ताटे चाटून पुसू लागले. आणि काहींनी चोरून खाल्ल्याचे उघडकीस आल्यावर, सोबत्यावाचून कुणीही बाहेर पडू नये असा हुकूम काढावा लागला. निर्बंध उठल्यावर तर पोट तुडुंब भरले तरी भूक भागेना, अशी अनेकांची अवस्था झाली. ते दिवसाकाठी हजारो कॅलरींचे अन्न खात राहिले आणि एकाला अतिभोजनापायी इस्पितळात न्यावे लागले. हा सारा वृत्तान्त 1950 मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाला. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. ही पाने वाचताना तीत देहस्वभावाचे केवढे अचूक निरीक्षण साठले आहे, याचा प्रत्यय येतो.

तथापि हे ज्ञान दवाखान्यांत झिरपण्यास वेळ लागला. 1959 मध्ये अल्बर्ट स्टंकर्ड यांनी स्थूल रुग्णांतील काहींच्या या झपाटल्यागत खाण्याचे वर्णन केले. 1975 मध्ये पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मिल्कशेक प्यायल्यावर इतर विद्यार्थिनी आइस्क्रीम कमी खातात, पण नेहमी आहारावर अंकुश ठेवणाऱ्या मात्र, एकदा नेम मोडलाच या भावनेने, उलट अधिक खातात. खाऊन मग ओकून टाकण्याच्या व्याधीचे वर्णन लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये तीस रुग्णांच्या आधारे केले. आणि पुढच्याच वर्षी क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी स्त्रियांच्या एका मासिकात छोटीशी सूचना छापताच शेकडो स्त्रियांची उत्तरे आली, ज्यांतील बहुतेकींनी हा प्रकार डॉक्टरांच्या कानावर कधी घातलाच नव्हता. लज्जेने केवढी मोठी दुनिया झाकून ठेवली होती! न ओकता केवळ अनावर खाण्याच्या विकाराला तर अमेरिकन मनोविकार-संघटनेच्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान मिळाले ते 2013 मध्ये.

किशोरवयीनांचा विशेष शोध ज्या विद्यापीठाने घेतला ते पुन्हा मिनेसोटाच होते, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. कीज यांच्या खोल्या ज्याच्या पोटात होत्या ते क्रीडांगण 1992 मध्ये पाडले गेले; आणि त्या दशकाच्या अखेरीस डायॅन न्यूमार्क-स्टाइनर यांनी तेथील 31 शाळांतील 4,746 विद्यार्थ्यांच्या आहाराची व मनःस्थितीची पाहणी आरंभिली. पाच वर्षांनी त्यांतील अडीच हजारांवर मुलामुलींची पुन्हा चौकशी केली असता आढळले, की वजन घटवण्यासाठी आहार तोडणाऱ्यांत अनावर खाण्याचे आणि स्थूलतेचेही प्रमाण इतरांहून अधिक होते. घरात वजनावरून होणारी चेष्टा या विकाराशी निगडित असल्याचे आणि कुटुंबाने एकत्र बसून जेवण्याचा शिरस्ता हितकर ठरत असल्याचेही याच पाहणीतून पुढे आले. उंची वाढण्याच्या वयात देहाची मागणी वाढलेली असते. त्याच वयात आरसा आणि सोबत्यांचे शेरे मुलांना अन्न नाकारण्यास शिकवतात. आणि कीजच्या ज्या तरुणांना उपासाचा अर्थ ठाऊक होता, त्यांच्याइतकीही या मुलांना आपल्यावर काय ओढवले आहे याची कल्पना नसते. दिवसभर उपाशी राहून रात्री तोल गेला, की ती स्वतःला दोष देतात आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपाशी राहतात.

म्हणूनच फेअरबर्न यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीत पहिले पाऊल निग्रहाचे नसून जेवणाचे आहे: तीन जेवणे, त्यांच्या दरम्यान दोन-तीनदा अल्पोपाहार, आणि जागेपणी तीन-चार तासांहून अधिक खंड नाही, मग भूक असो वा नसो, आदल्या रात्री काहीही झालेले असो. खाल्ल्या क्षणीच वहीत वेळ, पदार्थ, जागा आणि मनातील विचार टिपायचे. डोहाळे लागल्यासारखी खाण्याची उबळ उठली, तर ती ओसरेपर्यंत मन गुंतवील असे काही, मैत्रिणीला फोन, आंघोळ, अंगणात फेरी, असे आधीच ठरवून ठेवायचे. वहीची चार-सहा पाने भरली, की शाळेत डबा न खाल्लेल्या दिवशीच संध्याकाळी प्रसंग ओढवतो, किंवा अमुक नातेवाइकांच्या भेटीनंतर ओढवतो, असे वही लिहिणाऱ्या मुलीच्या स्वतःच्याच ध्यानात येऊ लागते. आईवडिलांनी या काळात डबे कुलपात ठेवू नयेत आणि वजनकाट्याचा विषयही काढू नये. आठवड्यातून एकदा तरी असे प्रसंग तीन महिने घडत असतील, किंवा त्यांत ओकणे, उपास, आत्मघाताचे विचार यांची भर पडली असेल, तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. आणि ज्या सकाळी झाकणे घट्ट लावलेले ते रिकामे डबे हाती लागतील, त्या सकाळचा नाश्ता नेहमीच्याच वेळी, नेहमीइतकाच, तिच्या पुढ्यात ठेवावा आणि आपणही तिच्याबरोबर बसून खावा.