बुद्ध्यंकाचा इतिहास : सरासरीत काय हरवतं?



मोजमाप म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाचं एक अवघड उदाहरण आम्ही आज घेणार आहोत : लहान मुलाची बुद्धी. समजा, सहा वर्षांची एक मुलगी आहे. बोलायला चुणचुणीत, प्रश्न विचारून मोठ्यांना भंडावून सोडणारी. तिची वेक्सलर पद्धतीची चाचणी होते आणि अहवाल घरी येतो. उपकसोट्यांची पट्टी १ ते १९, त्या वयाच्या मुलांची सरासरी १०. हिला शब्दांच्या कसोटीत १७, आणि दोन मिनिटांत भराभर खुणा भरायच्या कसोटीत ८. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, हुशार आहे पण आळशी आहे. कोणी म्हणतं, लक्ष देत नाही. कोणी म्हणतं, चाचणीच चुकली असणार.

या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे : बुद्धी ही एकच वस्तू आहे, म्हणून ती सगळीकडे सारखी दिसायला हवी. हे गृहीतक आलं कुठून? ते काही अनादि नाही. त्याचं वय जेमतेम सव्वाशे वर्षं आहे.

आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञापासून सुरुवात करू. त्याला दोन मुली होत्या, माडलेन आणि अ‍ॅलिस. त्यांचं निरीक्षण तो त्या लहान असल्यापासून करत होता. एक चालायला शिकली ती सावधपणे, आधार धरून. दुसरी धडपडत, बेधडक. १९०३ साली त्याने बुद्धीच्या प्रायोगिक अभ्यासावर पुस्तक लिहिलं, त्यात या दोघी टोपणनावांनी येतात. एक नेमकं पाहणारी, दुसरी कल्पनेत रमणारी. दोघींत हुशार कोण, हा प्रश्न त्या पुस्तकाचा नाहीच. दोघींची विचार करण्याची रीत वेगळी कशी, हा त्याचा प्रश्न आहे.

पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, फ्रेंच सरकारने एक आयोग नेमला. शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुलं ओळखायची कशी, हे ठरवायचं होतं. बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस कसोट्यांची मालिका तयार केली. १९०८ मध्ये त्या वयानुसार लावल्या, १९११ मध्ये पुन्हा सुधारल्या, आणि त्याच वर्षी बिने वारला. काम व्यवहाराचं होतं. बुद्धी हा जन्मभराचा ठरलेला साठा आहे आणि तो वाढतच नाही, या मताला त्याने स्वतः कडाडून विरोध केला होता.

आता १९११ च्या मोजणीची पद्धत बघा, कारण गोम तिथे आहे. बहुतेक वयांसाठी पाच-पाच कसोट्या. वरच्या वयाची एक कसोटी सुटली की एक पंचमांश वर्ष मिळायचं. सहा वर्षांची दोन मुलं घ्या. दोघांनी सहापर्यंतचं सगळं सोडवलं. पहिल्याने सात आणि आठ वर्षांच्या दहाही कसोट्या सोडवल्या, पुढे एकही नाही. दुसऱ्याने सातच्या तीन, आठच्या तीन, नऊच्या दोन, दहाच्या दोन. बेरीज दोघांची दहाच! म्हणजे दोघांचं मानसिक वय आठ. पण दुसरं मूल सात वर्षांच्या दोन गोष्टींत अडतं आणि दहा वर्षांच्या दोन गोष्टी करून दाखवतं. बेरजेत हे दिसत नाही.

१९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मनने त्याला शंभराने गुणलं आणि बुद्ध्यंक रूढ झाला. आपल्या दोन्ही मुलांचा बुद्ध्यंक १३३. इकडे इंग्लंडमध्ये स्पीअरमनने १९०४ सालीच मांडलं होतं की सगळ्या कसोट्यांच्या मुळाशी एक सामान्य बुद्धी असते. आता या आकड्याला तत्त्वही मिळालं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे थांबावंसं वाटतं. एका कसोटीत पुढे असलेली मुलं बहुधा दुसरीतही पुढे असतात, हे निरीक्षण खरं आहे. पण ते हजारो मुलांच्या समूहाबद्दल आहे. त्यावरून या एका मुलीचे सगळे गुण सारखे असलेच पाहिजेत, असं निघत नाही.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवल्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. म्हणजे हा आकडा मराठी घरांपर्यंत पोचूनही बराच काळ लोटला.

बेरजेत हरवलेलं पुन्हा दिसायला लागलं ते डेव्हिड वेक्सलरमुळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वाचता येणाऱ्यांसाठी एक आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची, कृतीची दुसरी चाचणी वापरली होती. त्या कामात वेक्सलर होता. १९३९ मध्ये त्याने शाब्दिक आणि कृतीच्या कसोट्या एकाच चाचणीत आणल्या, पण गुण वेगळे दाखवले. मुलांची आवृत्ती १९४९ ची. २००३ च्या आवृत्तीत चार निर्देशांक झाले, २०१४ च्या आवृत्तीत पाच. स्मृती आणि वेग बाजूला ठेवून तर्कक्षमतेचा वेगळा निर्देशांक काढायचीही सोय झाली. कशासाठी? तफावत मोठी असेल तर एकूण आकडा फारसं काही सांगत नाही, म्हणून.

सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस काढा. तो महाबळेश्वरलाही लागू नाही आणि माण तालुक्यालाही नाही. गणित बरोबर आहे, पण त्या आकड्यावर माणमधला शेतकरी पेरणी करणार नाही.

मग त्या मुलीच्या १७ आणि ८ चं काय करायचं? पहिलं, घाबरायचं नाही. गुणांत थोडीफार तफावत बहुतेक मुलांत असते, आणि शब्दांत फार पुढे असलेल्या मुलांचा वेग पुष्कळदा सरासरीच्या आसपासच असतो. दुसरं, ८ म्हणजे नापास नव्हे. तो सर्वसाधारण पट्ट्यातच येतो. तिसरं, तो ८ कशामुळे आला हे विचारायचं. हात पेन्सिलीला सरावला नाही? डोळ्यांना नीट दिसत नाही? खूण अगदी सुबक काढायचा हट्ट? लक्ष विचलित होतं? त्या दिवशी ताप होता? की चाचणीची भाषा घरच्या भाषेहून वेगळी होती? आकडा एकच, कारणं अनेक. आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा. हे शोधायला वर्गातली वही लागते, चाचणी घेणाऱ्या मानसतज्ज्ञाची टिपणं लागतात, आणि मुलीशी बोलावं लागतं.

हे केलं नाही तर नुकसान दुहेरी होतं. फक्त ८ पाहिला तर तिला आळशी ठरवून ओळीच्या ओळी गिरवायला बसवतात, आणि विचारांची भूक तशीच राहते. फक्त १७ पाहिला तर "एवढी हुशार आहे, तिला कसली मदत?" म्हणून लिहायला लागणारा जास्तीचा वेळ नाकारतात. आणि सरासरी पाहिली तर सगळं ठीक आहे असं म्हणून अहवाल कपाटात जातो.

बिनेला शाळेतल्या मुलाला मदत कुठे हवी, हे शोधायचं होतं. आपल्या हातात असा अहवाल आला, तर शेवटच्या पानावरचा एकूण आकडा सर्वांत शेवटी वाचा, एवढीच आमची विनंती आहे. आता आपले प्रश्न असतील तर घेऊ.