लोकरी मावा आणि पॅच

परवा विकेंडला गावी, माळशिरस तालुक्यात गेलो होतो. काका २००२ सालचं सांगत बसले. तेव्हा सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता सोलापुरात पोचला. पानाखाली पांढरा कापूस, वर काजळी! सोसायटीचं कर्ज डोक्यावर. काकांनी घाईनं एक फड फवारला. माव्याबरोबर त्याला खाणाऱ्या कोनोबाथ्राच्या अळ्या न् मायक्रोमसही मेले, आणि मावा परत आला. दुसऱ्या फडात मित्रकीटक असलेली पानं आणून लावली. तो ऊस तगला.

आम्ही बग दिसला की लगेच पॅच मारतो. काका म्हणाले, "आधी बघ, तिथं अजून कोण राहतंय." आता डाळिंब फुलात असताना फवारायचंच झालं, तर ते मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळीच फवारतात.