मागे राहिलेली आशास्थाने

जुन्या हमरस्त्यांची आठवण निघाली की अमेरिकेतील वयस्क माणसे हळवी होतात. रंग उडालेली पाटी, काचा फुटलेले उपाहारगृह, ओस पडलेला पेट्रोलपंप दिसला की त्यांना आपले बालपण आठवते. बेसबॉलच्या एखाद्या विस्मृत होतकरू खेळाडूचे नाव निघाले तरी तोच सुस्कारा ऐकू येतो: ‘केवढा मोठा व्हायचा हा!’ दोघांनीही आशा दाखविली आणि ती फोल ठरली, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण दोष खरोखर त्यांचा होता काय?

1926 साली आखलेला 66 क्रमांकाचा हमरस्ता शिकागोहून निघून आठ राज्यांतून लॉस एंजेलिसकडे जाई. लांबी सुमारे 2400 मैल. तो गावांच्या भर पेठेतून जात असल्यामुळे वाटसरूंवर शेकडो कुटुंबांचा चरितार्थ चाले. टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरील ग्लेनरिओ हे असेच एक चिमुकले गाव. पेट्रोलवरील कर टेक्सासमध्ये कमी, म्हणून पंप त्या बाजूला. तिकडे दारूबंदी, म्हणून मद्यालये न्यू मेक्सिकोच्या बाजूला! तेथील एका प्रवासी निवासाची पाटी पश्चिमेस जाणाऱ्याला ‘टेक्सासमधील शेवटचे’ आणि पूर्वेस जाणाऱ्याला ‘टेक्सासमधील पहिले’ असे सांगे.

1956 च्या कायद्याने गावे टाळून जाणारे रुंद, द्रुतगती महामार्ग बांधण्यास वेग आला. 1970 नंतरच्या दशकात तसा एक महामार्ग ग्लेनरिओला वळसा घालून गेला आणि गाव ओस पडले. तेथील अन्न बेचव झाले नव्हते की आतिथ्य आटले नव्हते. रहदारी तेवढी दुसरीकडून जाऊ लागली होती.

त्याच दशकात, त्याच टेक्सासमध्ये, डेव्हिड क्लाइड हा अठरा वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, गाजत होता. 1973 मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत टेक्सास रेंजर्स संघाने त्याला सर्वांत प्रथम निवडले. असा मुलगा एरवी दुय्यम संघांत काही वर्षे तयार होतो. परंतु रेंजर्सला प्रेक्षकांची वाण होती. शाळा सुटून तीन आठवडे होतात न होतात, तोच 27 जूनला त्याला थेट मोठ्या सामन्यात उतरविण्यात आले. 35,698 प्रेक्षक लोटले. रेंजर्सच्या इतिहासात मैदान प्रथमच पूर्ण भरले. पहिल्या दोन फलंदाजांना त्याने अचूक चेंडूंअभावी फुकट तळ बहाल केला, पण पुढचे तिघे लागोपाठ बाद केले. सामना 4–3 असा जिंकला गेला.

मूळ बेत दोन सामन्यांनंतर त्याला शिक्षणासाठी खाली पाठविण्याचा होता. तथापि तिकिटे खपत होती. तो वरच राहिला. पुढे खांदा दुखावला, आत्मविश्वास खचला. 1979 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मोठ्या संघातील त्याचा खेळ संपला. विजय 18, पराभव 33. त्याचे नाव अकाली पुढे ढकललेल्या गुणवत्तेचे उदाहरण होऊन बसले.

योगायोग असा की 1985 साली 27 जूनलाच 66 क्रमांक राष्ट्रीय हमरस्त्यांच्या यादीतून वगळण्यात आला. पण सेलिग्मन या ॲरिझोनातील गावाने हार मानली नाही. महामार्गाने ते 1978 मध्ये टाळले होते. तेथील एंजल डेलगाडिलो या न्हाव्याने 1987 मध्ये सोबत्यांसह संघटना उभारली आणि राज्याकडून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळविला. आठवणीच्या ओढीने प्रवासी परतले. दुकाने पुन्हा उघडली.

रस्त्याला असा दुसरा जन्म मिळू शकतो; खांदा दुखावलेल्या मुलाला त्याचे अठरावे वर्ष परत मिळत नाही. म्हणून केवळ हळहळून भागत नाही. ग्लेनरिओने आल्यागेल्याला आसरा दिला आणि क्लाइडने रिकामे मैदान भरून दाखविले. ज्याने त्याने आपले काम चोख केले होते. हिशेब चुकला तो त्यांना वापरून पुढे निघून गेलेल्यांचा.